पीटविना बाग: ब्रिटन-आयर्लंडमधल्या कुंड्यांसाठी पायरीपायरीने

मार्च उजाडला की ब्रिटनमधल्या गार्डन सेंटरच्या दारातच कंपोस्टच्या पिशव्यांची थप्पी लागते. मराठी घरांतही याच सुमारास खिडकीतल्या ट्रेमध्ये मिरची, टोमॅटो, तुळस पेरली जाते आणि घाईत जी पिशवी स्वस्त दिसेल ती गाडीत पडते. तिच्यात काय भरलंय हे वाचायची सवय आपल्याला नसते. इथे ‘मल्टिपर्पज कंपोस्ट’ म्हणून जे मिळतं ते घरच्या ओल्या कचऱ्याचं खत नव्हे. कुंड्या भरण्यासाठी कारखान्यात केलेलं ते एक मिश्रण असतं, आणि गेली कित्येक दशकं त्यातला मुख्य घटक होता पीट, म्हणजे दलदलीतून काढलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ.

पीट का सोडायचं ते आधी सांगते आणि सोडल्यावर बाग कशी चालवायची ते मग सविस्तर सांगते. दुसरा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे. अनेकजण चांगल्या मनाने पीटमुक्त पिशवी आणतात, मे महिन्यात रोपं पिवळी पडतात, आणि पुढच्या वर्षी ते निमूटपणे जुन्या पिशवीकडे वळतात. अशा वेळी बहुतेकदा कंपोस्ट ठीक असतं. पाणी आणि खत देण्याची आपली पद्धत मात्र पीटच्या काळातली राहिलेली असते. ती बदलली की मेथीपासून दुधीपर्यंत सगळं पीटशिवाय उत्तम येतं.

पिशवीतलं पीट येतं कुठून

आयर्लंड, इंग्लंडचा उत्तर भाग, स्कॉटलंड आणि बाल्टिक देशांत पाणी साचून राहणाऱ्या थंड दलदली आहेत. तिथे स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. हे शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आम्लधर्मी करतं. आंबट पाणी आणि हवेचा अभाव, म्हणजे लोणच्याच्या बरणीसारखीच स्थिती. मेलेलं शेवाळ तिथे पूर्ण कुजतच नाही, थरावर थर चढत जातो. त्या थरांना पीट म्हणतात. वर्षाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने ते साठतं, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं लागतात.

किती नीट टिकतं याचा एक पुरावा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९८४ साली चेशरमधल्या लिंडो मॉस या दलदलीत विक्रीसाठी पीट काढणाऱ्या कामगारांना एका माणसाचं शरीर सापडलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची कातडी, केस, इतकंच काय पोटातलं शेवटचं अन्नही शिल्लक होतं. माणसाचं शरीर जिथे दोन हजार वर्षं टिकतं तिथे शेवाळातला कार्बनही टिकतो. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर पीटच्या दलदली आहेत, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जितका कार्बन आहे त्याहून जास्त त्यांच्यात साठलेला आहे.

आता पीट काढतात कसं ते पाहा. आधी चर खणून दलदलीतलं पाणी काढून टाकतात. मग वरचं जिवंत शेवाळ खरवडून काढतात, उघडा पडलेला थर यंत्राने भुसभुशीत करतात, उन्हावाऱ्यात वाळवतात आणि गोळा करतात. पाण्याची पातळी खाली गेली की शतकानुशतकं हवेपासून लपलेल्या थरात प्राणवायू शिरतो आणि तो कुजायला लागतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइड पिशवी भरण्याच्या आधीपासूनच सुटू लागतो. पुढे तेच पीट तुमच्या कुंडीत किंवा वाफ्यात उरलंसुरलं कुजतं आणि तोही कार्बन हवेत जातो.

एक ढोबळ हिशोब करून बघा. ५० लिटरची पिशवी म्हणजे एक चौरस मीटर जागेवरचा ५ सेंटिमीटर थर. मिलिमीटरला एक वर्ष धरलं तर ती पन्नास वर्षांची वाढ झाली. काढलेलं पीट मोकळं होऊन फुगतं, म्हणून हा आकडा अंदाजाचा. पण टोमॅटोच्या एका हंगामासाठी एवढं मोजावं का, हा प्रश्न मला तरी टाळता येत नाही.

कार्बनखेरीजचं नुकसानही मोठं आहे. ड्रोसेरासारखी कीटक खाणारी झाडं, लार्ज हीथ हे फुलपाखरू आणि कर्ल्यूसारखे पक्षी या दलदलींच्या आधाराने जगतात. शेवाळाने भरलेली टेकडी पावसाचं पाणी सावकाश सोडते, उघडी पडलेली टेकडी ते एकदम खालच्या गावात लोटते. कोरडं पीट पेटलं तर जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहतं. २०१८ च्या उन्हाळ्यात मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ मूरची आग आटोक्यात आणायला लष्कर बोलवावं लागलं होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रिटनमधल्या दलदलींची सगळी नासाडी बागकामाने झालेली नाही. शेतीसाठी काढलेले चर, मेंढ्यांची चराई, हीथर नावाची झुडपं जाळणं, पाइनची लागवड यांचा वाटा बराच मोठा आहे. तरीही आपला वाटा नजरेआड करण्याजोगा नाही, कारण सरकारच्याच २०२२ च्या माहितीनुसार ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या पीटपैकी ७० टक्के पीट किरकोळ दुकानांतल्या पिशव्यांतून, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या हौशी बागवाल्यांकडे जात होतं. शिवाय ज्याला चांगला पर्याय दुकानात शेजारीच ठेवलेला आहे, असा हा वापर आहे.

कायद्यावर मात्र विसंबू नका. हौशी बागकामातून २०२० पर्यंत पीट स्वेच्छेने हद्दपार करायचं असं २०११ साली ठरलं होतं, ते झालं नाही. २०२२ मध्ये सरकारने इंग्लंडमध्ये किरकोळ विक्रीवर २०२४ पर्यंत बंदी आणण्याची घोषणा केली, तेही साल कायद्याविना गेलं. दुसरीकडे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने पीटच्या पिशव्या विकणं २०१९ मध्येच थांबवलं. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात तर तीसहून अधिक वर्षं पीटशिवाय काम चालतं. जगभरातल्या इतक्या नाजूक वनस्पती जिथे पीटविना वाढतात तिथे आपली मिरची अडून बसणार नाही.

पायरी १: पिशवी वाचायला शिका

पिशवीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘पीट-फ्री’ लिहिलेलं असेल तरच ती पीटमुक्त. ‘ऑरगॅनिक’, ‘नॅचरल’, ‘पर्यावरणस्नेही’ या शब्दांवरून काहीच ठरत नाही, पीट स्वतःच नैसर्गिक आणि सेंद्रिय आहे. ‘रिड्यूस्ड पीट’ म्हणजे कमी केलेलं पीट. ते किती कमी केलंय हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत शोधावं लागतं, आणि कधीकधी अर्धीअधिक पिशवी पीटच असते. काहीच लिहिलेलं नसेल तर पीट आहे असं धरून चाला.

पिशवीखेरीज आणखी काही ठिकाणी पीट लपलेलं असतं. पाण्यात टाकल्यावर फुगणाऱ्या बी पेरायच्या चकत्या बऱ्याचदा पीटच्या असतात, तशाच नारळाच्या काथ्याच्याही मिळतात. जमिनीत विरघळणाऱ्या तपकिरी छोट्या कुंड्यांचंही तेच. टोमॅटोची ग्रो-बॅग, म्हणजे जिच्यातच रोप लावतात ती मिश्रण भरलेली पिशवी, तपासा. मशरूमच्या शेतातून येणारं वापरलेलं कंपोस्ट स्वस्त मिळतं, पण मशरूमवर पसरलेला वरचा थर सहसा पीट आणि चुन्याचा असतो. तो चुना ब्लूबेरीसारख्या झाडांना सोसतही नाही.

विकत घेताना पिशवी हाताने दाबून बघा. ती हलकी आणि लवचीक असावी. चिखलासारखी जड, पाणी गळणारी किंवा उन्हात पडून रंग उडालेली पिशवी घेऊ नका. पीटमुक्त मिश्रणातला बारीक जीवव्यवहार पिशवीतही चालू असतो, त्यातलं खत हळूहळू सुटत राहतं. म्हणून गेल्या वर्षीची शिल्लक पिशवी सवलतीत मिळाली तरी बी पेरायला वापरू नये. या हंगामाची पिशवी याच हंगामात संपवा, उरलीच तर तोंड गुंडाळून सावलीत ठेवा.

आणि पहिल्याच फटक्यात दहा पिशव्या आणू नका. पीटमुक्त मिश्रणांत कंपनीगणिक खूप फरक असतो, कारण प्रत्येकाचा कच्चा माल वेगळा. एक पिशवी आणा, वापरून बघा, पटली तर बाकीच्या घ्या.

पायरी २: आत काय आहे ते ओळखा

पीटचं मोठं सोयीचं अंग म्हणजे ते सगळीकडे एकसारखं. पर्याय मात्र मिश्र असतात, आणि कोणता घटक जास्त आहे त्यावर तुमचं पाणी आणि खत ठरतं.

लाकडाचा तंतू हलका आणि हवेशीर असतो, पाणी पटकन खाली सोडतो. तो कुजताना सूक्ष्मजीव भोवतालचा नायट्रोजन स्वतःसाठी वापरतात आणि रोपाला कमी पडतो. कुजवलेली झाडाची साल भरड असते, निचरा छान देते, मोठ्या कुंड्यांना उत्तम. हिरव्या कचऱ्याचं कंपोस्ट पालिकेच्या प्रकल्पांतून येतं. त्यात अन्नद्रव्यं भरपूर असतात पण क्षारही असतात, त्यामुळे एकट्याने वापरलं तर कोवळी रोपं करपतात. ‘पास १००’ हे मानक पाळलेलं घेतलं तर काच-प्लॅस्टिकचे तुकडे कमी सापडतात. लेक डिस्ट्रिक्टकडे मेंढ्यांची लोकर आणि ब्रॅकन नावाचं नेचं कुजवून केलेलं कंपोस्टही मिळतं. लोकर पाणी धरते आणि सावकाश नायट्रोजन देते. महाग आहे, पण त्यातली रोपं बघण्यासारखी असतात.

राहिला नारळाचा काथ्या. कोकोपीट या नावामुळे घोटाळा होतो म्हणून स्पष्ट सांगते: त्यात पीट नाही. नारळाच्या सोडणातून तंतू काढल्यावर उरलेला तो भुसा. ब्रिटनमध्ये येणारा बहुतेक माल केरळ, तामिळनाडू आणि श्रीलंकेतला असतो. तो पाणी छान धरतो आणि पूर्ण वाळला तरी पुन्हा सहज भिजतो. पीट एकदा वाळलं की पाणी झिडकारतं, हे पीट वापरलेल्या प्रत्येकाने अनुभवलेलं असेल. काथ्याची किंमतही आहे. सोडणं भिजवायला आणि क्षार धुवायला गोडं पाणी बरंच लागतं, ते सांडपाणी कुठेतरी सोडलं जातं, आणि मग जहाजाचा प्रवास. दाबलेल्या विटांच्या रूपात येत असल्याने वाहतुकीचा बोजा हलका होतो. माझं मत असं की काथ्या हा मिश्रणातला एक घटक म्हणून चांगला, पण सगळी बाग त्याच्यावर उभी करू नये.

वीट वापरायची तर ‘बफर्ड’ किंवा ‘लो ईसी’ लिहिलेली घ्या, म्हणजे सोडियम-पोटॅशियम धुऊन काढलेले असतात. ६५० ग्रॅमची वीट साधारण ३ ते ४ लिटर कोमट पाण्यात भिजवली की फुगून ८-९ लिटर होते. खात्री नसेल तर भिजलेला भुसा जाळीवर घेऊन दोनदा पाण्याने धुवा. काथ्यात स्वतःचं पोषण जवळपास नसतं, हे विसरू नका.

पायरी ३: बी पेरणं

पीटमुक्त पिशवीबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी इथेच येतात, म्हणून इथे घाई करू नका.

बी पेरायला सरसकट मिश्रण न वापरता ‘सीड कंपोस्ट’ घ्या. ते बारीक असतं आणि त्यात खत कमी असतं. नाहीच मिळालं तर मल्टिपर्पज मिश्रण ५-६ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. वर राहिलेला भरड भाग मोठ्या कुंडीत तळाशी जातो, काही वाया जात नाही. चाळलेल्या तीन भागांत एक भाग व्हर्मिक्युलाइट (पाणी धरणारं हलकं, फुगवलेलं खनिज) किंवा जाडसर वाळू मिसळा.

ट्रे भरल्यावर हलकेच आपटा, हाताने दाबून घट्ट करू नका. लाकडी तंतूला हवा लागते. पेरण्याआधीच ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्या, वर ओलावा दिसला की काढून निथळत ठेवा. मग बी टाका. मिरची-वांग्याच्या बियांवर बियाच्या जाडीइतकाच थर द्या, तोही व्हर्मिक्युलाइटचा दिलात तर पृष्ठभाग पापुद्र्यासारखा कडक होत नाही. तुळशीचं बी नुसतं वर भुरभुरवा.

मिरची, वांगी, टोमॅटो, तुळस यांना उगवायला २० ते २५ अंश ऊब हवी. इंग्लंडच्या मार्चमध्ये खिडकीची कड रात्री बरीच गार होते. बी उगवलं नाही की खापर कंपोस्टवर फुटतं, खरं कारण बहुधा थंडी असते. ट्रेखाली गरम होणारी चटई ठेवा, नाहीतर उबदार कपाटात ठेवून कोंब दिसताच उजेडात आणा.

मेथी आणि कोथिंबिरीला ट्रेचा खटाटोप नको, मुळं हलवलेली त्यांना आवडत नाहीत. २० सेंटिमीटर खोल पेटीत थेट पेरा. कोथिंबिरीचे धने लाटण्याने हलके रगडून दोन करा. मिश्रण एकदा कडक वाळलं की कोथिंबीर लगेच फुलावर जाते, म्हणून या पेटीत काथ्याचा वाटा थोडा जास्त ठेवलेला बरा. कारली आणि दुधीचं बी रात्रभर भिजवून एकेका छोट्या कुंडीत लावा, आणि थंडीचा धोका टळल्यावर, मेअखेर किंवा जूनमध्ये, शक्य तर काचघरात हलवा.

बियातून निघणाऱ्या पहिल्या जोडीनंतरची दोन खरी पानं आली की पहिलं पातळ द्रवखत द्यायला सुरुवात करा, पिशवीवर सांगितलेल्या मात्रेच्या अर्ध्या मात्रेने. सीड कंपोस्टमध्ये खाऊ थोडाच असतो.

पायरी ४: पाणी, म्हणजे निम्मी लढाई

पीट वाळलं की रंग फिका पडतो आणि आपण पाणी घालतो, अशी नजर तयार झालेली असते. पीटमुक्त मिश्रणात ही खूण फसवी आहे. वरचा भरड थर काही तासांत वाळून फिका दिसतो आणि खाली भरपूर ओल असते. वरून बघून रोज पाणी घालणाऱ्याची मुळं कुजतात. आणि याच्या उलटही घडतं: पाणी भरड मिश्रणातून पटकन तळाच्या बशीत उतरतं, आपल्याला वाटतं पोटभर झालं, आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

उपाय अगदी साधा आहे. बोट दोन पेरं आत घाला. छोटी कुंडी असेल तर उचलून वजन बघा, भिजलेल्या आणि कोरड्या कुंडीच्या वजनातला फरक आठवडाभरात हाताला कळायला लागतो. पाणी थोडं थोडं, पण उन्हाळ्यात जास्त वेळा द्या. एकदा घालून पाच मिनिटांनी पुन्हा घातलं तर मिश्रण ते धरून ठेवतं. कुंडीच्या काठापासून दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर पाणी बाहेरच ओघळतं. मोठ्या कुंड्यांवर सालीचे तुकडे किंवा अर्धवट कुजलेला पाला पसरला की वरचा थर वाळणं कमी होतं.

पीटमुक्त कुंड्यांत, विशेषतः घरातल्या, बारीक काळी चिलटं जास्त दिसतात. ती माणसाला चावत नाहीत, त्यांच्या अळ्या मात्र कोवळी मुळं खातात. पाणी खालून द्या, वरचा थर वाळू द्या, त्यावर सेंटिमीटरभर जाड वाळू पसरा आणि पिवळे चिकट कागद लावा. फारच झाली तर त्यांच्या अळ्या मारणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमींची पुडी मिळते, ती पाण्यातून देतात.

पायरी ५: खत लवकर सुरू करा

पीटच्या पिशवीवर ‘सहा आठवडे खत नको’ असं वाचलेलं असतं. पीटमुक्त मिश्रणात मी चौथ्या आठवड्यापासूनच लक्ष ठेवायला सांगेन. आधी खालची जुनी पानं फिकी पिवळी पडली तर नायट्रोजन कमी पडतोय. त्या वेळी नायट्रोजन असलेलं सर्वसाधारण द्रवखत आठवड्यातून एकदा द्या. टोमॅटो, मिरची, वांगी फुलावर आली की जास्त पोटॅश असलेल्या टोमॅटोच्या खताकडे वळा. मेथी, पालक, कोथिंबिरीला पोटॅशची एवढी गरज नसते, त्यांना नायट्रोजन चालू ठेवा. दीर्घकाळ पुरणाऱ्या खताच्या गोळ्या मिश्रणात आधीच मिसळल्या तर द्रवखताची धावपळ अर्धी होते. जागा असेल तर कॉम्फ्री या झाडाची पानं बादलीत झाकून कुजवा. वास फार वाईट येतो, पण पातळ करून दिलेलं ते पाणी टोमॅटोला मानवतं.

कढीपत्त्याची वेगळी नोंद. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये नळाचं पाणी कठीण, चुन्याने भरलेलं. त्याने कढीपत्त्याची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी द्या, आणि कुंडी पीटमुक्त ‘एरिकेशस’, म्हणजे आम्लधर्मी, मिश्रणात थोडी सालीची भरड मिसळून भरा. हिवाळ्यात पाणी अगदी कमी करा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ही झाडं पाणी जास्त झाल्याने मरतात. ब्लूबेरी, कॅमेलिया, ऱ्होडोडेंड्रॉनलाही हेच मिश्रण आणि हेच पाणी.

पायरी ६: स्वतःचं मिश्रण करा

पिशवीवरचं अवलंबन जितकं घटेल तितकं बरं. त्यासाठी सगळ्यात मोलाची वस्तू फुकट मिळते: शरद ऋतूत गळणारा पाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं गोळा करा, ओली करा, भोकं पाडलेल्या पिशव्यांत भरा किंवा तारेच्या जाळीचा पिंजरा करून त्यात टाका. वर्षाने तो वाफ्यावर पसरायला तयार होतो, आणि दोन वर्षांनी काळा, बारीक, भुसभुशीत होऊन बी पेरायच्या लायकीचा. हा कुजलेला पालाच मला पीटच्या सगळ्यात जवळचा वाटतो: ओल धरतो, हलका असतो, आणि खत जवळपास नसल्याने कोवळ्या मुळांना पोळत नाही. पाला आपल्या अंगणातला किंवा विचारून शेजारच्यांचा घ्या. जंगलातला उचलू नका, तो तिथल्या जमिनीचा आहे. रहदारीच्या रस्त्याकडेचाही नको.

मोठ्या कुंड्यांसाठी माझं नेहमीचं प्रमाण: एक भाग बागेतली चाळलेली माती, एक भाग कुजलेला पाला, एक भाग घरचं पूर्ण झालेलं कंपोस्ट. टोमॅटो, वांगी, दुधीसाठी यात थोडं गांडूळखत. माती चिकण असेल तर जाड वाळू. या मिश्रणात तण उगवतं, ते उपटायची तयारी हवी.

बाहेरून शेणखत किंवा घोड्याचं खत आणणार असाल तर आधी चाचणी घ्या. इथल्या कुरणांवर अमिनोपायरॅलिडसारखी तणनाशकं फवारतात. ती गवतातून जनावराच्या पोटातून खतात जशीच्या तशी उतरतात, आणि टोमॅटो व शेंगवर्गीय झाडांचा घात करतात. त्या खताचं मिश्रण तीन कुंड्यांत भरा, खात्रीच्या पिशवीतलं दुसऱ्या तीन कुंड्यांत, आणि सगळ्यांत घेवड्याचं बी लावा. तीन-चार आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले, तर ते खत भाजीला वापरू नका.

पायरी ७: घरात आहे ते पीट आणि विकत आणलेली रोपं

गॅरेजमध्ये पीटची जुनी पिशवी पडून असेल तर फेकू नका. दलदलीतून निघाली ती निघाली, ती परत जाणार नाही. रोपं वाढवायला वापरून संपवा. वाफ्यात माती सुधारायला म्हणून मात्र पीट कधीच पसरू नका. त्यात पोषण नाही, आणि तेच काम घरचं कंपोस्ट दसपटीने चांगलं करतं.

पिशवी पीटमुक्त आणली तरी तयार रोपाच्या कुंडीतून पीट घरात येतं. नेदरलँड्समधून येणारी घरात ठेवायची बहुतेक झाडं पीटमध्ये वाढलेली असतात. अनेक रोपं अगदी लहानपणी पीटच्या छोट्या गुठळीत रुजवून नंतर पीटमुक्त मिश्रणात हलवलेली असतात. नर्सरीत विचारा. पूर्णपणे पीटमुक्त वाढवणाऱ्या छोट्या नर्सऱ्या आता बऱ्याच आहेत आणि त्या हे अभिमानाने सांगतात. पीटमध्ये वाढलेलं रोप पीटमुक्त मिश्रणात लावताना मुळांचा गोळा आधी पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा आणि कडा बोटांनी मोकळ्या करा. नाहीतर आतला पीटचा गोळा एकटाच वाळतो, भोवती ओल असूनही झाड कोमेजतं आणि कारण कळत नाही.

आयर्लंडमधल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे पीट ही चुलीतल्या सरपणाची, रोजगाराची आणि गावाच्या आठवणींची गोष्ट आहे. सरकारी कंपनी बोर्ड ना मोनाने २०२१ च्या सुरुवातीला पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं आणि जुन्या दलदलींचे चर बुजवून पाणी परत आणायला घेतलं. बागेसाठीचं खासगी उत्खनन मात्र संपलेलं नाही. शेजाऱ्यांशी या विषयावर बोलताना हे भान ठेवा. ज्यांच्या घरातल्या दोन पिढ्या पीट कापून जगल्या त्यांना उपदेश ऐकवण्यापेक्षा आपल्या कुंडीतली मिरची दाखवावी.

महाराष्ट्रात बाग असणाऱ्यांना

आपल्याकडे पीट मुळात लागतच नाही. तरी ऑनलाइन दुकानांत ‘पीट मॉस’च्या आयात पिशव्या मिळतात, आणि ऑर्किड, अँथुरियम, अडेनियमची हौस असलेले त्या मागवतात. पुण्या-मुंबईच्या गच्चीसाठी अर्ध्या जगाचा प्रवास करून दलदल आणायचं काही कारण नाही. कोकणात सोडणं न्हाणीघराच्या बंबाखाली जळतात. त्याच सोडणाचे तुकडे ऑर्किडला चालतात, आणि धुतलेलं कोकोपीट बाकी सगळ्याला. गच्चीवरच्या कुंडीसाठी माती, गांडूळखत किंवा मुरलेलं शेणखत आणि कोकोपीट समान घ्या, निचऱ्याला मूठभर भाताचं तूस टाका. अडेनियमला कोकोपीट कमी करून जाड वाळू आणि विटांचा चुरा वाढवा. सोसायटीच्या आवारात जमलेला पाला जाळू न देता एका कोपऱ्यात जाळीत भरून ओला ठेवा. आपल्या उकाड्यात आणि पावसाळ्यात तो इंग्लंडपेक्षा कितीतरी लवकर कुजतो.

हंगाम संपल्यावर कुंडीतलं मिश्रण टाकून देऊ नका, इथेही आणि तिथेही. रोगट झाड काढून टाकलं असेल तर ते मिश्रण फुलझाडांच्या वाफ्यावर पसरा. निरोगी असेल तर मुळं झटकून, त्यात एक तृतीयांश नवं कंपोस्ट आणि थोडं गांडूळखत मिसळून पुढच्या वर्षी पालेभाजीला वापरा. टोमॅटो, मिरची, वांगी एकाच कुळातली, म्हणून त्यांच्या जुन्या मिश्रणात पुन्हा तीच न लावता मेथी किंवा पालक पेरा.